वहीत व्याकरण दिसत नाही, मग इंग्रजी येणार कसे?

मराठी माध्यमात सातवीत शिकणाऱ्या एका मुलीचे वडील मध्यंतरी माझ्याकडे आले होते (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). नव्या बाई इंग्रजीच्या तासाला मुलांकडून अर्ज भरून घेतात, पत्ता विचारायला लावतात, वेळापत्रक वाचून घेतात. वहीत मात्र काळांचे तक्ते नाहीत की पाठाखालची प्रश्नोत्तरे नाहीत. ‘‘मॅडम, हा सगळा खेळच चाललाय. हिचा पाया कच्चा राहील,’’ ते म्हणाले. ही काळजी मी अनेक पालकांकडून ऐकली आहे आणि ती मला अनाठायी वाटत नाही. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी पाचवीला एबीसीडी गिरवून, नियम आणि भाषांतर यांच्या आधारे शिकलेल्या पिढीला भरलेली वही हीच अभ्यासाची खूण वाटते.

मी एका कागदावर तीन काल्पनिक गाड्यांच्या वेळा लिहिल्या आणि अकराच्या आत पुण्याला पोहोचायचे असेल तर कोणती गाडी धरावी, हे इंग्रजीत सांगण्यास मुलीला सांगितले. तिने बोट ठेवून रकाने तपासले, थोडी थांबली आणि म्हणाली, ‘‘थर्ड ट्रेन रीच लेट. सो सेकंड ट्रेन.’’ वडिलांचे लक्ष लगेच ‘रीच’कडे गेले; तिथे ‘रीचेस’ हवे होते. माझे मात्र ‘सो’कडे गेले, कारण तो शब्द तिने पाठांतरातून नव्हे, तर कारण सांगण्याच्या गरजेतून उचलला होता. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांमध्ये नेमका असाच प्रयोग केला होता: आधी नियम न शिकवता नकाशे, वेळापत्रके अशा कामांतून मुलांना विचार करायला लावायचे, म्हणजे लक्ष अर्थावर राहते आणि भाषा त्याच ओघात रुजते.

तरीही वडिलांचे म्हणणे मी पूर्णपणे बाजूला सारले नाही. काम संपल्यावर त्यात झालेल्या चुका फळ्यावर घेऊन दुरुस्त झाल्या नाहीत, तर ‘रीच’ तसाच अंगवळणी पडतो. म्हणून तासाची शेवटची दहा मिनिटे त्यासाठी राखता येतील का, असे त्यांनी बाईंना विनंतीच्या सुरात विचारावे, असे मी सुचवले. घरीही शब्दार्थ विचारत बसण्याऐवजी औषधाच्या पाकिटावरील सूचना वाचून ती आजीला मराठीत समजावून सांगण्याचे काम मुलीकडे सोपवावे, असे सांगितले.

दीड महिन्याने दोघे पुन्हा आले. वहीत तक्ता नव्हताच; पण एका पानावर ‘इफ वुई विल मिस द बस’ असे लिहून त्यातला ‘विल’ मुलीने स्वतःच खोडला होता आणि पुढे ‘वुई विल वॉक’ असे लिहिले होते. हे वाक्य कोणत्या धड्यातले, असे वडिलांनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘धड्यातलं नाही, बाबा. सहलीचं ठरवताना आमच्या गटाला ते लागलं.’’