ट्यूबमधल्या पांढऱ्या पेशी आणि त्यांचा आरएनए

प्रश्न: मी परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. सीबीसीचे (रक्तपेशींच्या मोजणीचे) रक्त जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये काही तास राहिले तरी चालते. आरएनए तपासणीसाठी मात्र रक्त थेट स्थिरीकरणाचे द्रावण असलेल्या ट्यूबमध्येच घ्यायला सांगतात. याचा सायटोकाइनशी संबंध आहे, असे वरिष्ठ म्हणाले. तो कसा?
– एक वाचक, मुंबई

उत्तर: जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठत नाही, पण त्यातल्या पांढऱ्या पेशी जिवंतच राहतात. सीबीसीत त्यांची संख्या आणि प्रकार मोजायचे असल्याने थोडा उशीर खपतो. संदेशवाहक आरएनएचे, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून उतरवलेल्या प्रतीचे, तसे नाही. त्याचे प्रमाण पेशीला मिळणाऱ्या इशाऱ्यांनुसार झपाट्याने बदलते.

हे इशारे देणारी प्रथिने म्हणजे सायटोकाइन. त्यांचे एक काम सर्वपरिचित आहे: इंटरफेरॉन हे सायटोकाइन पेशीवरील ग्राहीला (इशारा टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटले की जॅक एन्झाइमे स्टॅट प्रथिनांना फॉस्फेट जोडतात, ती केंद्रकात शिरतात आणि ठरावीक जनुकांवरून नवा आरएनए तयार होऊ लागतो. तयार झालेला आरएनए किती वेळ टिकणार, हेही सायटोकाइन ठरवतात, आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मला हा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. जीएम-सीएसएफ, टीएनएफ या सायटोकाइनांच्या आरएनएच्या शेवटच्या भागात अ‍ॅडेनिन आणि युरॅसिल या घटकांची दाटी असते. शॉ आणि कामेन या संशोधकांनी 1986 मध्ये जीएम-सीएसएफचा असा तुकडा एरवी बराच काळ टिकणाऱ्या ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाच्या) आरएनएला जोडला, तेव्हा तोही लवकर नष्ट होऊ लागला. ट्रिस्टेट्राप्रोलिन नावाचे प्रथिन नेमके या दाटीवर बसते आणि आरएनएचे विघटन घडवून आणते. आयएल-1 या सायटोकाइनचा किंवा टीएनएफचा इशारा मिळाला की पी38 एन्झाइमाच्या मार्गाने ट्रिस्टेट्राप्रोलिनवर फॉस्फेट चढते, त्याचा जोर ओसरतो आणि टिकून राहिलेल्या आरएनएवरून प्रथिन भराभर बनते. ट्रिस्टेट्राप्रोलिन मुळातच नसलेले उंदीर टीएनएफच्या अतिरेकाने खंगतात, त्यांचे सांधे सुजतात. डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड्स दाह कमी करतात, त्यामागे पी38ला आवर घालणे हेही एक कारण आहे.

जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये हीच उलाढाल चालू राहते: आयएल-8 या सायटोकाइनचा आरएनए वाढू शकतो, काही आरएनए नष्ट होतात, आणि परळहून दुसऱ्या लॅबला नमुना पोहोचेपर्यंत त्यातले आकडे रुग्णाच्या शरीरातल्या स्थितीचे राहत नाहीत. स्थिरीकरणाचे द्रावण पेशी तिथल्या तिथे फोडून ही उलाढाल थांबवते; मात्र त्यासाठी ते रक्तात नीट मिसळले पाहिजे, म्हणून ट्यूब लगेच आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करावी. फुटलेल्या पेशी मोजता येत नसल्यामुळे सीबीसीसाठी जांभळ्या टोपणाची ट्यूब वेगळी भरावी लागते.