आधी ताटं मोज

चि. सौ. कां. बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावामागे चि. सौ. कां. लिहायचे दिवस आले, या आनंदात दोन दिवस गेले. आता कामाचं.

तू पाठवलेला खर्चाचा कागद मी दोनदा वाचला. बेरीज १४ लाख २० हजार. त्याखाली जमेची बाजू: तुझे २ लाख ६० हजार, बाबांची ४ लाखांची ठेव, आईची भिशी ९० हजार, उसाचं बिल १ लाख ७० हजार. आणि शेवटी बारीक अक्षरात, 'माझ्या पगारावर पर्सनल लोन ५ लाख. बाबांना माहीत नाही.' ती ओळ वाचली आणि पत्र लिहायला बसले. फोनवर तू मला पुरतं बोलू दिलं नसतंस.

५ लाख, १३ टक्के व्याज, पाच वर्षं मुदत धर. हप्ता येतो ११,४०० च्या आसपास आणि फिटेपर्यंत जातात ६ लाख ८२ हजार. तुझा पगार ३८ हजार. लग्नानंतरची पहिली पाच वर्षं घराचं डिपॉझिट, बाळंतपण, सासूबाईंचं आजारपण, नोकरी बदलणं या सगळ्यांची असतात. या सगळ्या वर्षांत दर महिन्याला तू एका दुपारच्या जेवणाचे पैसे फेडत बसणार. शिवाय बाबांपासून लपवलेला हप्ता नवऱ्यापासून किती दिवस लपेल? संसाराची सुरुवात अशा गोष्टीने होऊ नये, असं मला फार मनापासून वाटतं.

पतसंस्थेत मी सव्वीस वर्षं कर्जाच्या टेबलावर बसले. अर्जावर कारण लिहिलेलं असायचं 'घरदुरुस्ती' आणि समोरच्या माणसाच्या पिशवीत पत्रिकांचा गठ्ठा दिसायचा. त्यातले बरेच जण नीट फेडायचे. जे अडकायचे त्यांच्या फाइली मला अजून आठवतात. त्यांनी लग्न थाटात केलं म्हणून ते अडकले असं नव्हतं. त्यांनी येणाऱ्या पैशावर खर्च ठरवला होता, हातातल्या नव्हे.

म्हणून लग्नात खर्च करणं हेच पाप, असं मी तुला सांगणार नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, कर्जाचे दस्त जाळले. पुढे सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. कुणबी लग्नकार्यात उधळतो म्हणून बुडतो, अशी तेव्हा सर्रास समजूत होती. आयोगाने मात्र लिहिलं की लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो; असे प्रसंग क्वचित येतात आणि कर्जाचं मूळ सहसा ते नसतात. टेबलावर बसून मलाही तेच दिसलं. आयुष्यात एकदा चार माणसांना पोटभर जेवू घालावं, ही बाबांची हौस खरी आहे, तिचा मान ठेव. फक्त ती हौस व्याजाने आणू नकोस.

तुझ्या कागदात सगळ्यात वर 'हॉल' आहे. तिथेच चूक झाली. हॉल आधी बघितला की हॉलला शोभतील एवढी माणसं बोलावली जातात. आधी ताटं मोज. हॉल, मंडप, वाढपी, पाण्याच्या बाटल्या, पत्रिका, गाड्या, सगळं त्या एका आकड्यामागून चालत येतं. तू धरलेली ९०० ताटं ४२० रुपयांनी म्हणजे ३ लाख ७८ हजार. यादी आवळून समज ४८० ताटं झाली तर २ लाख १ हजार ६००. फरक पावणेदोन लाखांचा, आणि त्याशिवाय लहान हॉल मिळतो तो वेगळाच. डेकोरेशनवाल्याशी दोन तास घासाघीस करून असे पैसे कधी सुटत नाहीत.

९०० हा आकडा कुठून आला, हे तू बाबांना विचारलंयस का? मला वाटतं नाही. 'आपल्याकडे एवढी माणसं होतातच' एवढ्यावर तो ठरलाय. आईच्या कपाटात तुझ्या दादाच्या लग्नाची आहेराची वही असेल, ती काढ. पाहुण्यांची याहून खरी यादी घरात दुसरी नसते. कोण आलं, कुठून आलं, हे तिच्यात नावानिशी आहे. नावांपुढे खुणा कर: घरचे, भावकी, आईचं माहेर, बाबांचे कारखान्यावरचे आणि सोसायटीतले लोक, तुझे ऑफिसवाले. पत्रिकेवर आपण 'सहकुटुंब सहपरिवार' छापतो, पण कराडहून मुंबईला गेलेली पत्रिका दोन माणसं आणते आणि शेजारच्या वाडीत दिलेली पाच. गावात चूलबंद आवतण द्यायचं असेल तर घरं मोज आणि घरागणिक माणसं मोज. हे आई आणि काकू मिळून एका दुपारी करतील, त्यांना सगळं तोंडपाठ असतं.

माझ्या थोरलीच्या लग्नात मी हे केलं नव्हतं. केटररला ६०० ताटांची गॅरंटी दिली. दाट तिथी होती, त्याच दिवशी आमच्या गावात आणखी तीन लग्नं. माणसं वाटली गेली. कुणी इथे अक्षता टाकून तिथे जेवलं, कुणी आलंच नाही. जेवले ४३० आणि पैसे दिले ६०० चे, कारण गॅरंटी म्हणजे गॅरंटी. उरलेला भात पाहून मला रात्रभर झोप आली नाही. तेव्हा गॅरंटी अंदाजापेक्षा कमी सांग आणि जास्तीच्या ताटाचा दर आधीच ठरवून कागदावर घे. ताटं मोजायला आपला एक माणूस उभा कर, जेवणाच्या घाईत नंतर वाद होतात. तिथी निवडताना गावात, भावकीत त्या दिवशी आणखी काय आहे तेही विचार. आठवड्याच्या मधल्या दिवसाची तिथी मिळाली तर हॉलवाला भाड्यात ऐकतो. लांबचे नोकरदार पाहुणे अशा दिवशी कमी येतात, हेही तुझ्या पथ्यावरच पडेल.

ताटं म्हणजे फक्त दुपारची नव्हेत. हळदीच्या रात्री घरचे-जवळचे मिळून २०० जण जेवतात, लग्नाच्या सकाळी २५० जणांना पोहे-उपीट आणि चहा लागतो. तुझ्या कागदात ही दोन्ही नाहीत. साधं धरलं, रात्रीचं ताट २५० आणि नाश्ता ८० रुपये, तरी ७० हजार झाले. बँजोवाले, ड्रायव्हर, फोटोग्राफरची माणसं हीसुद्धा जेवतात. हॉलचं भाडं तू लिहिलंस, त्यावरचा १८ टक्के जीएसटी राहिला. वीज मीटरप्रमाणे की भाड्यात, जनरेटरचं डिझेल कुणाचं, साफसफाईचे वेगळे किती, डिपॉझिट परत कधी, हे चार प्रश्न लिहूनच ने. डीजेवाला रात्री जास्त वेळाचे पैसे सांगेल, पण दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे, मग ते पैसे कशाला?

लग्नानंतरचं तर कुणीच लिहीत नाही. मांडवपरतणी, पहिला दिवाळसण, संक्रांत, धोंड्याचा महिना आला की जावयाचं वाण. हे लग्नाच्याच खर्चात धर, नाहीतर आई ते गुपचूप भिशीतून करेल.

सोन्याचं थोडं सविस्तर लिहिते, कारण तू तिथे 'दोन तोळे' एवढंच लिहून पुढे गेलीस. तोळा लाखाच्या वर गेल्यापासून तसं लिहून चालत नाही. लाखाच्या सोन्यावर १२ टक्के घडणावळ लागली तर १२ हजार, मग एकूणावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ३,३६०. वजन तेवढंच आणि बिल १ लाख १५ हजार ३६०. घडणावळीत बोलता येतं, सोन्याच्या भावात येत नाही. म्हणून दुकानात घडणावळच विचार. दागिन्यावर हॉलमार्क आणि एचयूआयडीचा, म्हणजे त्या दागिन्याच्या ओळखीचा, सहा अक्षरी क्रमांक बघून घे. आईच्या पाटल्या मोडून नवीन करायचा विचार असेल तर नको करूस. मोडीत घट धरतात आणि घडणावळ पुन्हा लागते. त्याच पाटल्या घालून उभी राहा. तुझ्या आजीच्या आहेत त्या, मला माहीत आहे.

आता उसाचं बिल. ते जमेला धरू नकोस. येणार नाही असं मी म्हणत नाही, पण त्यातून आधी सोसायटीच्या पीककर्जाची वसुली होते आणि तारीख पुढे-मागे होते, हे तुमच्या घराला मी काय सांगू. आलं तर त्यातून दिवाळसण कर. आहेर तर अजिबात धरू नकोस, तो परत करायचा असतो.

मग खरे पैसे उरले साडेसात लाख. बाबांच्या ठेवीतले १ लाख बाजूला ठेव, त्यांना साखर आहे, आईचे गुडघे आहेत. उरले साडेसहा. त्यातले ६५ हजार कशावरही न लिहिता राखून ठेव, ऐनवेळी लागतातच. तुझं लग्न ५ लाख ८५ हजारांचं आहे. कागद इथून खाली लिहीत जा.

यात बसवायचं तर खर्च निम्मा-निम्मा व्हायला हवा. 'आमच्यात मुलीकडचेच लग्न लावून देतात' असं बाबा म्हणतील, पण मुलगा समजूतदार आहे असं तूच म्हणालीस ना? आधी त्याच्याशी बोल, खरे आकडे सांगून. त्याने त्याच्या घरी बोलायचं, तू तुझ्या घरी. मग याद्यांच्या बैठकीत हा विषय मोठ्यांच्या तोंडून निघू दे: दोन्हीकडची मिळून ताटं किती, हॉल आणि जेवण कुणाकडे, मानपान कुणाकुणाचं आणि साड्या किती. याद्या म्हणजे मुळात हेच की, चार माणसांसमोर कागदावर घेऊन हळदकुंकू लावायचं. आपल्या लोकांनी ही सोय करून ठेवली आहे, ती नुसत्या नारळ-सुपारीपुरती उरू देऊ नकोस. आणि त्या बैठकीत कुणी गाडी किंवा सोनं मागितलं तर तो हुंडा. १९६१ पासून तो गुन्हा आहे. त्या ओळीसमोर आकडा लिहायचा नाही, तिथे उठायचं. मी येईन त्या दिवशी तुझ्यासोबत.

बाबांशी बोलताना 'नाहीतर आम्ही रजिस्टर लग्न करतो' असं मात्र म्हणू नकोस. तो मार्ग चांगला आहे, तीस दिवस आधी नोटीस आणि तीन साक्षीदार, माझ्या भाच्याने तसंच केलं आणि नंतर घरच्यांना एक जेवण दिलं. दोघांना मनापासून हवं असेल तर जरूर करा. पण धमकी म्हणून वापरलंस तर बाबांना वाटेल त्यांनी तुला कमी पडू दिलं. तुझा बाप रात्री पाण्याची पाळी धरून तुला शिकवणारा माणूस आहे. त्याला आकड्यांपेक्षा त्या लोनची गोष्ट आधी सांग. 'बाबा, मी हे करणार होते' एवढंच म्हण आणि गप्प बस. पुढचं तेच बोलतील. कदाचित रागावतील. नंतर वही घेऊन तेच नावं कापायला बसतील, आणि कुणाचं नाव कापायचं नाही हे त्यांना तुझ्याहून नीट कळतं. त्यात ढवळाढवळ करू नकोस.

बँकेचा माणूस फोन करत असेल तर आजच नाही म्हणून टाक. कागदावर सही झालेली नाही ना, ते पहिलं कळव.

या रविवारी गावी जातेसच. जाताना कराडला उतर, केळवणाचं जेवण माझ्याकडे, पुरणपोळी करते. येताना आहेराची वही घेऊन ये, आणि बाबा येत असतील तर त्यांनाही.

तुझी,
मावशी