धुऱ्यावरून ॲफिलिएट मार्केटिंग: वाचकांचे प्रश्न

मी दर्यापूरकडच्या खरपाण पट्ट्यातला, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागातला. घरी कपाशी आणि हरभरा. काही वर्षांपासून शेतीच्या अवजारांचे मराठी व्हिडिओ करतो. त्याखालच्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की मला कमिशन मिळतं, एवढाच हा धंदा. यावेळी आलेल्या पत्रांतली सहा घेतली आहेत. नावं मुद्दाम गाळली, कारण एकाने शेवटी लिहिलंय, "आमच्या बाबाले सांगू नका."

बी.ए. झालो, घरीच आहे. मित्राने मोबाईलवर एका मीटिंगमध्ये बसवलं. ४,९९९ रुपयांचा कोर्स घ्यायचा आणि तोच कोर्स पुढे विकायचा, विक्रीवर ८० टक्के कमिशन. यालाच ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात का? (दिग्रस तालुका)

नाही म्हणत. नाव तेवढं उचललंय.

मोठ्या दुकानांच्या ॲफिलिएट कार्यक्रमात नाव नोंदवायला एक रुपयाही लागत नाही. ज्याला वस्तू पाहिजे तो ती घेतो, कंपनी पाठवते आणि वाट दाखवली म्हणून कंपनी तुम्हाला तिच्या नफ्यातून काहीतरी देते. तुमच्याकडे आलेल्या योजनेला एकच प्रश्न विचारा: उद्या नवा माणूस यायचा बंद झाला, तर ही चालेल का? फवारणी पंप दरवर्षी खपतो, कारण फवारणी दरवर्षी असते. कोर्स कसा विकायचा हे शिकवणारा कोर्स मात्र शेवटी ज्याच्या हातात राहतो, त्याचे पैसे गेले. पैसे फिरवणाऱ्या साखळी योजनांवर १९७८ पासून बंदीचा कायदा आहे. थेट विक्रीसाठी डिसेंबर २०२१ मध्ये नियम आले, त्यांतही साखळीला मनाई आहे आणि विक्रेत्याकडून प्रवेश फी घेता येत नाही.

पैसे भरून बसला असाल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं. मित्राशी भांडू नका. त्यालाही कुणीतरी असंच बसवलं असेल.

माझे बचत गटाच्या बायांचे तीन व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. सकाळ-संध्याकाळ सवलतीच्या लिंका टाकते. दोन महिन्यांत ३१२ रुपये दिसले, त्यातले ९० परत कमी झाले. कुठं चुकतं? (वरुड)

ताई, आधी ते ९० रुपये. कुणीतरी वस्तू परत केली असेल, नाहीतर कॅश ऑन डिलिव्हरीचा बॉक्स दारातून वापस गेला असेल. वस्तू परत गेली की कमिशनही जातं. पहिल्या दिवशी दिसलेला आकडा म्हणजे शेतातला उभा कापूस समजा. तो घरात आल्याशिवाय मोजायचा नाही.

आता लिंकचं. तुमच्या लिंकवर कुणी बोट ठेवलं की त्या फोनमध्ये एक खूण बसते, तिला कुकी म्हणतात. ॲमेझॉनवर ही खूण साधारण २४ तास चालते. तेवढ्यात वस्तू कार्टमध्ये टाकली तर थोडी सवड मिळते, नाहीतर ताई कोण हे दुकान विसरतं. बाईने सकाळी लिंक पाहिली, "यायले विचारतो" म्हणाली आणि चार दिवसांनी परस्पर घेतलं, तर तुमच्या हाती काही नाही. शिवाय बंद ग्रुपमधली लिंक चालते की नाही हे प्रत्येक कंपनी वेगळं ठरवते. तेवढी ओळ करारात शोधून वाचा.

पण खरी अडचण निराळी आहे. सवलतीची बातमी तुमच्याशिवायही त्या बायांपर्यंत पोचते. तुमच्याशिवाय जे पोचत नाही ते सांगा.

माझंच पाहा. पहिली दोन वर्षं मीही "आजची ऑफर" करत बसलो. मग एका उन्हाळ्यात आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, झटका मशीन (कुंपणाच्या तारेला हलका झटका देणारी) लावली, रानडुकरांसाठी आणि रोह्यांसाठी, म्हणजे नीलगाईंसाठी. मशीन चालू, टक-टक आवाज चालू, तरी डुकरं तारेखालून आरामात आत. तीन रात्री जागल केली तेव्हा ध्यानात आलं की दोष अर्थिंगचा आहे. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, अर्थिंगची सळई कोरड्या मातीत उभी राहते, झटक्याचा फेरा पूर्ण होत नाही आणि जनावराला काही लागत नाही. सळई ओलीच्या जागी हलवली, बुडाशी पाणी घातलं, तारेला टेकलेलं गवत कापलं. चौथ्या रात्री एक डुक्कर असं किंचाळलं की बापू खाटेवरून उठून बसले. दुसऱ्या दिवशी हेच सगळं फोनवर बोललो, कोरडी सळई हातात धरून दाखवली आणि खाली मशीनची लिंक दिली. त्या एका व्हिडिओने आधीच्या सगळ्या ऑफरींपेक्षा जास्त दिलं, आणि उन्हाळा लागला की अजूनही देतो. (हे वाचून कुणी तारेत घरातला करंट सोडू नका. त्याने माणसं मरतात, आणि तो गुन्हा आहे.)

चार्जिंगच्या पंपाचंही तसंच. १२ व्होल्टची ८ ॲम्पिअर-अवरची बॅटरी घ्यावी की १२ ची? दुकानाच्या पानावर दोन्ही "उत्तम" असतात. भरलेला १६ लिटरचा पंप पाठीवर घेऊन चिखलातून पऱ्हाटीत (कपाशीत) चालणाऱ्याला मात्र हे हवं असतं: कोणता किती टाक्या काढतो, आणि वाढलेलं वजन खांद्याला सोसतं का. "प्रेशर कमी येतो" असं लोक फोनमध्ये बोलून शोधतात. त्यांना आधी गाळणी आणि नोझल साफ करायला सांगा. अर्ध्या लोकांचा पंप तेवढ्यानेच सुरू होतो, ते काही विकत घेत नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वर्षी बॅटरी बसली की ते तुमच्याकडेच येतात.

तुम्ही वरुडच्या. संत्र्याच्या झाडाची सल (वाळक्या फांद्या) काढताना कोणता सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, बाईच्या हातात नीट बसतो, कोणत्याने संध्याकाळपर्यंत अंगठ्याला फोड येतो, हे मला माहीत नाही. तुमच्या गटातल्या दहा जणींना माहीत असेल. डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळायच्या रोगासाठी) खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायचा ब्रश कसा असावा, हेही. तीन सिकेटर आणा, महिनाभर वापरा, कोणता वाईट तेही सांगा. आणि हंगामाच्या पंधरा-वीस दिवस आधी सांगा. कापलेल्या सोयाबीनची सुडी (गंजी) भिजल्यावर ताडपत्रीची लिंक कुणाच्या कामाची?

सहा महिने झाले आणि खातंच बंद झालं. मी काही गैर केलं नाही. विक्री दोनच झाल्या, त्याही भावाने आणि काकाजींनी केल्या. (मेहकर)

कारण त्यातच आलं. ॲमेझॉनच्या कार्यक्रमात पहिल्या १८० दिवसांत किमान तीन विक्री व्हाव्या लागतात. स्वतःसाठी केलेली खरेदी धरत नाहीत, घरच्यांची चालत नाही. पुन्हा अर्ज करता येतो, तेव्हा आधी वीस-पंचवीस व्हिडिओ किंवा लेख तयार ठेवा आणि मगच खातं उघडा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

मीसुद्धा एकदा हा शहाणपणा केला आहे. एका कंपनीच्या कार्यक्रमात माझ्याच लिंकवरून घरासाठी दोन ताडपत्र्या घेतल्या. त्यांचं कमिशन तर गेलंच, तोवर जमलेलंही गेलं आणि खातं बंद. करारात लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

म्हणून सगळं एकाच खुंटीला टांगू नका. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं तेव्हा आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतली कितीतरी पोरं एका रात्रीत शून्यावर आली. दुसऱ्याच्या जागेवर घर बांधल्यासारखं होतं ते. वर्षाला हजार-बाराशे रुपयांत स्वतःच्या नावाची वेबसाईट होते. व्हिडिओ कुठेही टाका, पण त्यातली माहिती मराठीत तिथे लिहून ठेवा. एक दुकान बंद झालं तर त्या पानावर दुसऱ्या दुकानाची लिंक लावता येते.

मराठीत करू की हिंदीत? हिंदीत लोक जास्त आहेत. (गोंदिया)

लोक जास्त, तसे बोलणारेही जास्त. ज्या भाषेत तुम्ही बैलाला हाकता त्या भाषेत बोला. आमच्याकडचा शेतकरी "नीलगाय" म्हणून शोधत नाही, तो "रोही" म्हणतो. तो शब्द दिल्लीत बसलेल्याला सुचणार नाही.

टेलिग्रामवर एकाने कपाशीचं बियाणं विकायला सांगितलं, तणनाशक मारलं तरी पीक मरत नाही असं. पाकिटामागे १०० रुपये. दुसरा एक रमीच्या ॲपची लिंक टाकायला सांगतो, त्यात तर अजून जास्त. (पांढरकवडा)

दोन्ही नको. हे बियाणं म्हणजे आपण ज्याला चोर बीटी म्हणतो ते. त्याला केंद्राची मान्यता नाही, विक्री बेकायदा आहे. पक्कं बिल नाही, म्हणून उगवलं नाही तर तक्रारीला जागा नाही. तक्रार मग तुमच्याकडेच येते, तीही तुमच्याच ओट्यावर. रमीचं सांगायचं तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. त्यांच्या जाहिरातीलाही त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. लिंक टाकणं ही जाहिरातच.

फवारणीच्या औषधांबाबत मी स्वतःपुरता नियम केला आहे: लिंक देत नाही. २०१७ साली तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. कोणतं औषध किती प्रमाणात, हे व्हिडिओतून सांगण्याची माझी हिंमत नाही. हातमोजे, मास्क, चष्मा यांची लिंक देतो. कमिशन चिल्लर आहे.

आणि कमिशन मिळतं हे लपवू नका. जानेवारी २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते स्पष्ट सांगावं लागतं, ज्या भाषेत व्हिडिओ त्याच भाषेत. फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मी सुरुवातीलाच म्हणतो, "या लिंकवरून घेतलं तर मले दोन पैसे भेटतात, तुमची किंमत वाढत नाही." यामुळे एकही गिऱ्हाईक तुटलेलं मी पाहिलं नाही. उलट लोक मुद्दाम विचारतात, तुमचीच लिंक द्या म्हणून.

सेतू केंद्रात ऑपरेटर आहे, महिना ९,००० रुपये. ॲफिलिएटचे गेल्या महिन्यात ११,००० दिसले. नोकरी सोडू का? कॅमेरा घेऊ का? आणि टॅक्स भरावा लागतो का, बाबांच्या शेतीत दाखवला तर? (समुद्रपूर)

शेवटचं आधी. शेतीचं उत्पन्न करमुक्त, कमिशन हे शेतीचं उत्पन्न नव्हे. बाबांच्या नावावर टाकू नका, दोघंही अडकाल. २०२५-२६ पासून एका कंपनीकडून वर्षाला २०,००० च्या वर कमिशन गेलं की २ टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घ्यायचा कर, कापला जातो. पॅन दिला नसेल तर २० टक्के. रिटर्न भरलं आणि कर लागत नसेल तर कापलेलं परत मिळतं. एक गोष्ट गावातल्या रिटर्न भरून देणाऱ्यालाही कधी कधी सांगावी लागते: छोट्या धंद्याला "विक्रीच्या इतके टक्के नफा" धरायची जी सोपी सवलत आहे, ती कमिशनच्या उत्पन्नाला लागू नाही. म्हणून इंटरनेट, माईक, तपासायला घेतलेला पंप, सगळ्यांची बिलं ठेवा.

नोकरी सोडू नका, इतक्यात तर नाहीच. ते ११,००० कोणत्या महिन्यातले? जुलै-ऑगस्टचे असतील तर ती फवारणीची लाट आहे. माझा मार्च आणि जुलै यांत चौपटीचा फरक पडतो. पैसेही विक्रीनंतर साधारण दोन महिन्यांनी हातात येतात, किराणावाला तेवढा थांबत नाही. दर कंपनीच्या हातात. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर आणलं. तिथे त्यावर संसार चालवणारे लोक होते. सलग दोन खरीप आणि दोन उन्हाळे हिशेब लिहा. सगळ्यात वाईट चार महिन्यांची सरासरी पगाराच्या वर गेली, तर मला पुन्हा लिहा.

कॅमेरा नको. फोन पुरतो. कॉलरला लावायचा साधा माईक घ्या, त्यावर फरची टोपी लावा, कारण आपल्याकडे शेतात वारं फार आणि आवाज फाटला की माणूस व्हिडिओ सोडतो.

आणि तुमच्या खुर्चीसारखी जागा या धंद्यात कुणाकडे नाही. सातबारा काढायला आलेला माणूस रांगेत उभा राहून शेजाऱ्याला काय विचारतो, ते ऐका. कोणती मोटर जळली, कोणत्या ताडपत्रीला पहिल्याच पावसात भोकं पडली, ठिबकची कोणती नळी उंदराने खाल्ली. काउंटरवर एक वही ठेवा आणि मृग लागायच्या आधी त्यातले दहा प्रश्न मला पाठवा. पुढच्या खेपेला त्यांच्यापासूनच सुरुवात करू.