सहीआधी विचारायचे तीन प्रश्न

महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत मी आयुष्यातली तीसेक वर्षं काढली. कोषागार, जिल्हा परिषद, लेखापरीक्षा अशा सगळ्या टेबलांवर बसून झालं. या सेवेबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देतो. काही पत्रं लांब होती, त्यांचा गाभा तेवढा घेतला आहे.

राज्यसेवेचा पसंतीक्रम भरायचा आहे. उपजिल्हाधिकारी आणि तहसीलदार ही पदं खाली टाकून 'फायनान्स' वर ठेवणारा वेडा असतो, असं मित्र म्हणतात. खरं आहे का? – एक उमेदवार, परभणी

लोकांनी दारात गर्दी करावी, मिरवणुकीत पुढे उभं करावं, गावात नाव व्हावं, हे तुम्हाला हवं असेल तर मित्रांचं ऐका. महसूलचा अधिकारी गावाला माहीत असतो. कोषागार अधिकारी कोण, हे जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांना निवृत्त होईपर्यंत ठाऊक नसतं.

कामाचा आवाका मात्र कमी समजू नका. सुरुवात सहायक संचालक म्हणून होते. तुमच्या वाट्याला वेगवेगळ्या खुर्च्या येतात: कधी कोषागार, कधी स्थानिक निधी लेखापरीक्षा, कधी विद्यापीठ, महापालिका किंवा एखादं महामंडळ. पुढे जिल्हा कोषागार अधिकारी होता येतं, किंवा जिल्हा परिषदेत मुख्य लेखा व वित्त अधिकारी, म्हणजे सगळे ज्याला 'कॅफो' म्हणतात ते. मुंबईत अधिदान व लेखा कार्यालय आहे. वर सहसंचालक आणि संचालक. वित्त विभागाच्या सचिवाच्या खुर्चीत साधारणपणे भाप्रसेचाच, म्हणजे भारतीय प्रशासन सेवेचाच (आयएएस) माणूस बसतो. आपल्या सेवेतून निवडीने भाप्रसेत जाण्याची वाट आहे, पण ती फार अरुंद. तिच्या भरवशावर पसंतीक्रम लावू नये.

वाणिज्य शाखेचीच पदवी लागते हा गैरसमज आहे. इतर शाखांचे पदवीधरही या सेवेत येतात, पण गुणांच्या टक्केवारीची अट जाहिरातीत नीट वाचा. आणि 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. लिहिण्याचा सराव ठेवा. पुढे नोकरीतही तोच लागणार आहे, कारण या सेवेत तुमचं हत्यार म्हणजे टिपणी.

मी सीए आहे. सरकारी हिशोबात माझ्या शिक्षणाचा उपयोग होईल की सगळं विसरावं लागेल? – एक वाचक, सांगली

पहिली दोन वर्षं बरंच विसरावं लागेल. राज्य सरकारचे हिशोब रोखीच्या पायावर चालतात. माल मार्चमध्ये आला आणि पैसे एप्रिलमध्ये दिले, तर तो खर्च पुढच्या वर्षाचा. देणी, घसारा, तरतूद हे तुमच्या रक्तात भिनलेले शब्द इथे कुणी फारसे उच्चारत नाही.

त्याऐवजी शिकायचं ते लेखाशीर्ष, म्हणजे जमाखर्चाच्या प्रत्येक बाबीला दिलेला आकड्यांचा संकेतांक. प्रधान शीर्षाचा पहिला आकडा पाहिला की अर्धी गोष्ट कळते. 0 किंवा 1 असेल तर महसुली जमा, 2 किंवा 3 असेल तर महसुली खर्च, 4 किंवा 5 भांडवली, 6 किंवा 7 कर्जं व आगाऊ रकमा, आणि 8 म्हणजे आकस्मिकता निधी किंवा लोकलेखा. 2202 म्हटलं की शिक्षण, 2071 म्हटलं की निवृत्तिवेतन. मुरलेला लेखा लिपिक हे आकडे नात्यातल्या माणसांसारखे ओळखतो. नव्या साहेबाची परीक्षाही तोच घेतो, देयक पुढे सरकवून गप्प बसून राहतो. त्याच्याकडून शिकण्यात कमीपणा मानू नका.

बीम्सवर अनुदान वाटप, सेवार्थवर पगार, ग्रासवर जमा, असं आता बरंचसं संगणकावर आहे. पण संगणक अनुदान शिल्लक आहे की नाही एवढंच सांगतो. खर्च योग्य आहे की नाही, ते नाही सांगत.

तुमचं सीएपण खरं उपयोगी पडेल ते महापालिका आणि महामंडळांत. तिथे द्विनोंदी, उपार्जनाचे लेखे (पैसे हाती येण्या-जाण्याची वाट न पाहता देणं-येणं नोंदवणारे) असतात, आणि ताळेबंद वाचता येणारा अधिकारी दुर्मिळ असतो. ठेवी कुठे ठेवल्या, व्याज कुठल्या खात्याला गेलं, बँकेशी ताळमेळ शेवटचा कधी घेतला, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात विचाराल. तिथले लोक तुम्हाला जरा बिचकून राहतील. चांगलं लक्षण आहे.

एका जिल्हा परिषदेत लेखा विभागात अधिकारी आहे. मार्चअखेरीस साहित्य आलेलं नसताना 'निधी परत जाईल' म्हणून देयक पारित करायला सांगतात, तेही तोंडी. काय करावं? – नाव नको

हे पत्र मी दोनदा वाचलं. या सेवेतली खरी नोकरी या एका प्रश्नात आहे.

सहीआधी मी स्वतःला तीन गोष्टी विचारत असे. पैसा कुठल्या शीर्षाखालचा? खर्चाला मंजुरी देण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो त्याने वापरल्याचा कागद कुठे आहे? आणि ज्यासाठी पैसे द्यायचे ती वस्तू किंवा ते काम प्रत्यक्ष झालंय का? पहिल्या दोहोंना उत्तर बहुधा मिळतं. मार्चमध्ये अडतं ते तिसऱ्यापाशी. साठा नोंदवहीत नोंद नाही, मोजमाप पुस्तिका कोरी, आणि पुरवठादाराचं बिल मात्र गुळगुळीत कागदावर तयार.

अनुदान व्यपगत होऊ नये, म्हणजे मुदत संपून परत जाऊ नये, एवढ्याच कारणासाठी कोषागारातून रक्कम काढायची नाही, ही आपल्या वित्तीय नियमांतली जुनी आणि स्पष्ट शिस्त आहे. ती सांगितली की समोरचे हसतात, म्हणून आधी दुसरी गोष्ट विचारा: निधी पहिल्या वर्षाचा आहे की दुसऱ्या? शासनाकडून आलेला निधी खर्च करायला जिल्हा परिषदेला दोन वर्षांची मुदत असते. म्हणजे 2024-25 चं अनुदान मार्च 2026 पर्यंत चालतं. मार्चमधली निम्मी आरडाओरड पहिल्या वर्षाच्या निधीवरून होते, आणि तो कुठेही जाणार नसतो. हे खातेप्रमुखाला शांतपणे दाखवलंत की बरेचदा देयक आपोआप मागे घेतलं जातं. दुसऱ्या वर्षाचा असेल तर मात्र तुमची परीक्षा आहे.

आता तोंडी आदेशाबद्दल. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 मधला नियम 3 काढून ठेवा. वरिष्ठांचे निदेश सर्वसाधारणपणे लेखी असावेत, आणि तोंडी दिले तर शक्य तितक्या लवकर लेखी पुष्टी घ्यावी, असं तो सांगतो. तुमच्या बाजूचा यापेक्षा सोपा कागद नाही. त्यांच्याकडे जाऊन वाद घालू नका. टिपणी लिहा: 'साहित्याची पोच व साठा नोंदवहीतील नोंद देयकासोबत आढळून येत नाही. पूर्तता झाल्यास देयक त्याच दिवशी पारित करता येईल.' एवढंच लिहायचं, विशेषणं नकोत. 'मा. साहेबांशी झालेल्या चर्चेनुसार' हे चार शब्द जन्मात कधी लिहू नका. त्या चर्चेला सहा वर्षांनी एकटे तुम्हीच हजर असता.

टिपणीतलं दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे, हे नवे अधिकारी विसरतात. नुसता नकार लिहिणारा आडमुठा ठरतो. काय केलं म्हणजे होईल हे लिहिणाऱ्याला आडमुठा म्हणणं अवघड जातं.

'लेखी आदेश आला की मी सुटलो' असंही समजू नका. उघड बेकायदेशीर प्रदानाला वरच्याचा आदेश ढाल होत नाही. देयक जातं, मार्च सरतो, वरिष्ठ बदलून जातात. मग स्थानिक निधी लेखापरीक्षेचा परिच्छेद येतो, पुढे कधीतरी विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात उतरते, आणि सगळे लेखा विभागाकडे बोट दाखवतात. निवृत्तीनंतरसुद्धा चार वर्षांच्या आतल्या घटनेबद्दल विभागीय चौकशी सुरू होऊ शकते, आणि दोष सिद्ध झाला तर निवृत्तिवेतनाला कात्री लागते. माझ्या एका सहकाऱ्याच्या बाबतीत हे घडलं. पैसे त्याने खाल्ले नव्हते. त्याला फक्त नाही म्हणता येत नव्हतं.

तुमच्यावर चिडणारे लोक वर्षाला दोन-तीन निघतील. बदलीही होईल कदाचित. मी त्यातून गेलो आहे. नव्या गावात मुलांची शाळा शोधण्याचा त्रास होतो, झोप मात्र लागते.

बदल्या किती होतात? लग्न ठरवताना विचारतात. – एक वाचक, सातारा

साधारण तीन वर्षांनी. कोषागार जवळजवळ नेहमी जिल्ह्याच्या गावी असतं, त्यामुळे फार आडबाजूला जावं लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरचं कार्य ठेवू नका, एवढं मुलीकडच्यांना आधीच सांगून टाका.

केंद्राच्या परीक्षेत लेखापरीक्षा व लेखा सेवा आणि नागरी लेखा सेवा अशा दोन दिसतात. फरक काय? आणि राज्याची सेवा यात कुठे बसते? – विद्यार्थिनी, नाशिक

चांगला प्रश्न, कारण बरेच उमेदवार मुलाखतीतच इथे घसरतात.

हिशोब लिहिणारा आणि तो तपासणारा वेगळा असावा, हे आपल्या किराणा दुकानदारालाही कळतं. केंद्र सरकारात मात्र 1976 पर्यंत ही दोन्ही कामं नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या छत्राखाली होती. त्या वर्षी लेखे वेगळे काढून मंत्रालयांकडे दिले आणि भारतीय नागरी लेखा सेवा उभी राहिली. तिच्या शिखरावर महालेखानियंत्रक. हे अधिकारी मंत्रालयात बसून पैसे देतात आणि हिशोब मांडतात. भारतीय लेखापरीक्षा व लेखा सेवेचे अधिकारी कॅगच्या हाताखाली, शिमल्याच्या अकादमीत शिकून, तेच हिशोब तपासतात. कॅगचं पद राज्यघटनेच्या अनुच्छेद 148 मधलं: मुदत सहा वर्षं किंवा वयाची 65, जे आधी होईल ते.

राज्यात चित्र अजून जुनंच आहे. महाराष्ट्रात पैसे आमचं कोषागार देतं, पण राज्याचे मासिक आणि वार्षिक लेखे संकलित करतात ते मुंबई व नागपूरचे महालेखापाल, म्हणजे कॅगचीच माणसं. कोषागारातून प्रमाणकांचे (व्हाउचरांचे) गठ्ठे वेळेवर गेले नाहीत की तिकडून पत्र येतं. शेजारच्या गोव्यात वेगळी तऱ्हा: तिथे लेखा संचालनालय पणजीत बसून राज्याचे लेखे स्वतः तयार करतं.

तुम्हाला दुसऱ्याचं काम पाहून प्रश्न विचारायला आवडत असेल तर लेखापरीक्षा. आत बसून गाडा ओढायला आवडत असेल तर लेखा. मी दोन्हीकडे होतो. प्रश्न विचारणं सोपं असतं, हे मला लेखापरीक्षेतून जिल्हा परिषदेत गेल्यावर कळलं.

पाटबंधारे खात्यातून लिपिक म्हणून निवृत्त झालो. सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडून तीनदा आक्षेप लागून परत आलं, आता जादा वेतनाची वसुली काढली आहे. तुम्ही लेखावाले माणसांना मुद्दाम छळता का? – एक निवृत्त कर्मचारी, अहिल्यानगर

मुद्दाम छळणारे असतात. संख्येने कमी, पण असतात. त्याहून जास्त आहेत ते आळसाने छळणारे: एक चूक दिसली की पुस्तक परत, ती दुरुस्त होऊन आलं की मग दुसरी सापडते. मीही हे केलं आहे. एका कार्यालयात एका विधवा बाईंचं प्रकरण मी तीनदा परत पाठवलं, तिन्ही वेळा वेगळ्या कारणाने. चौथ्या वेळी त्या स्वतः आल्या, आणि काही न बोलता तिन्ही आक्षेपपत्रं माझ्या टेबलावर ओळीने मांडली. तिन्ही कारणं पहिल्याच दिवशी दिसण्यासारखी होती. त्यानंतर माझ्या टेबलावरून एका प्रकरणाला दोनदा आक्षेप गेला नाही.

आता तुमचं काम. आक्षेप बहुधा वेतननिश्चितीची तारीख, आश्वासित प्रगतीचा लाभ (बढती न मिळताही ठरावीक सेवेनंतर मिळणारी वरची वेतनश्रेणी) किंवा संगणक अर्हतेची नोंद यावर असतो. कार्यालयाला सर्व आक्षेपांची पूर्तता एकाच पत्राने, पुराव्याच्या प्रतींसह पाठवायला सांगा. निवृत्तिवेतन अडलं असेल तर तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची तरतूद राज्याच्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांत आहे, त्यासाठी आजच लेखी अर्ज द्या.

वसुलीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2014 चा पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह हा निकाल पाहा. गट क आणि गट ड मधल्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. लिपिक म्हणजे गट क, आणि तुम्ही निवृत्तही आहात. मात्र वेतननिश्चितीच्या वेळी तुम्ही 'जादा रक्कम परत करीन' असं हमीपत्र लिहून दिलं असेल तर कार्यालय तेच पुढे करील. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी सेवापुस्तकाची पूर्ण प्रत मागून घ्या आणि ते हमीपत्र त्यात चिकटवलेलं आहे का, तेवढं बघा.