प्रश्न तुमचे: विंडो दर वेळी खाली का सरकते?

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या काढायला पायथन आणि क्यूटी (विंडो, बटणं बनवायचा साधनसंच) वापरून प्रोग्रॅम लिहिला आहे. बंद करताना विंडोची जागा आणि आकार फाइलमध्ये लिहून ठेवतो, उघडताना तेच आकडे परत देतो. आकार बरोबर येतो, पण विंडो दर वेळी थोडी खाली येते. काही दिवसांत तळाला टेकते. लिनक्स मिंट वापरतो. — वाचक, कोथरूड

तुमच्या विंडोला दोन चौकटी असतात. आतला भाग तुमच्या प्रोग्रॅमचा. शीर्षकपट्टी आणि कडा विंडो मॅनेजरच्या, म्हणजे विंडोंना चौकट आणि जागा देणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमच्या. क्यूटीतली काही फंक्शनं आतली चौकट मोजतात, काही बाहेरची. 'जॉमेट्री', 'सेट जॉमेट्री' आणि 'रिसाइझ' आतली. 'पॉस', 'मूव्ह' आणि 'फ्रेम जॉमेट्री' बाहेरची. लक्षणांवरून तुम्ही जागा 'जॉमेट्री'तून वाचता आणि 'मूव्ह'ला देता. समजा, बाहेरची चौकट वरून १०० पिक्सेलवर आहे आणि शीर्षकपट्टी ३० पिक्सेलची. तुम्ही लिहून ठेवता १३०. पुढच्या वेळी 'मूव्ह' बाहेरची चौकट १३० वर नेतं, आतला भाग १६० वर जातो आणि तोच आकडा परत जतन होतो. डावीकडे कड असेल तर विंडो तेवढीच उजवीकडेही सरकत असणार. कड एक-दोन पिक्सेलची असल्याने ते लवकर ध्यानात येत नाही.

वाचाल 'पॉस' तर लावा 'मूव्ह'ने. वाचाल 'साइझ' तर लावा 'रिसाइझ'ने. पण त्याहून सोपं म्हणजे 'सेव्ह जॉमेट्री' आणि 'रिस्टोअर जॉमेट्री' ही जोडी. विंडो पडदाभर मोठी केलेली होती का आणि तिचा मूळ आकार, दोन्ही ही जोडी लक्षात ठेवते. दुसरा मॉनिटर काढून ठेवला असेल तर विंडो उरलेल्या पडद्यावर आणते, हे आकडे हाताने लिहिणारे बहुतेक विसरतात.

लिहिण्याची जागा 'क्लोज इव्हेंट', म्हणजे विंडो बंद होताना क्यूटी बोलावतं ते फंक्शन. वाचण्याची जागा विंडो दाखवणाऱ्या 'शो'च्या आधी, नाहीतर विंडो एका आकारात झळकते आणि मग उडी मारते. प्रोग्रॅम टर्मिनलमधून कंट्रोल-सीने मारला तर 'क्लोज इव्हेंट' येतच नाही, त्यामुळे चाचणी विंडोच्या फुलीनेच करा. क्यूटीच्या 'सेटिंग्ज' वर्गाला कंसात काही न देता वापरत असाल तर आधी संस्थेचं आणि प्रोग्रॅमचं नाव ठरवून द्या. ती नसली की तो काही वाचत नाही, काही लिहीत नाही आणि तक्रारही करत नाही. पहिल्यांदा चालवताना जतन केलेलं काहीच नसतं; पायथनमध्ये तिथे 'नन', म्हणजे 'काहीच नाही', मिळतं आणि ते 'रिस्टोअर जॉमेट्री'ला दिलं की प्रोग्रॅम पडतो. आधी तपासा, नसेल तर ९०० बाय ६०० असा साधा 'रिसाइझ' करा.

खात्री करायची असेल तर टर्मिनलमध्ये 'एक्सविनइन्फो' ही विंडोची माहिती छापणारी आज्ञा चालवून विंडोवर क्लिक करा. 'ॲब्सोल्यूट'च्या ओळी आतल्या भागाची पडद्यावरची जागा सांगतात. 'रिलेटिव्ह'च्या ओळीत बहुतेक विंडो मॅनेजरांत शीर्षकपट्टीची उंची दिसते. तुमची विंडो दर वेळी नेमकी तेवढीच घसरत असेल.

टीकेइंटरमध्ये (पायथनसोबत येणारा विंडो बनवायचा संच) लहान टेक्स्ट एडिटर केला. 'सेटग्रिड' पर्याय चालू केल्यापासून ८०० बाय ६०० मागितलं की विंडो पडद्याबाहेर जाते. — वाचक, निगडी

'सेटग्रिड' लावलं की मोजमापाचं एककच बदलतं. आता तुम्ही ८०० पिक्सेल मागत नाही, ८०० अक्षरं रुंद आणि ६०० ओळी उंच विंडो मागता. एका अक्षराचा चौकोन ८ बाय १६ पिक्सेल धरला तर ही मागणी ६४०० बाय ९६०० ची झाली. ८० बाय २४ द्या.

ही सोय मुळात टर्मिनलसाठी आहे. एक्स विंडो प्रणालीत (लिनक्सवर पडद्यावर विंडो दाखवणारी जुनी व्यवस्था) प्रत्येक प्रोग्रॅम विंडो मॅनेजरकडे मापांची चिठ्ठी देतो: कमीत कमी आकार, जास्तीत जास्त आकार, मूळ आकार आणि वाढीची पायरी. विंडोची रुंदी म्हणजे मूळ रुंदी अधिक पायऱ्यांची संख्या गुणिले पायरी. समास आणि स्क्रोलबार मिळून २० पिक्सेल असतील तर ८० रकान्यांची विंडो २० + ८० × ८, म्हणजे ६६० पिक्सेलची. म्हणूनच टर्मिनलची कड ओढली की ती गुळगुळीत न वाढता टप्प्याटप्प्याने वाढते आणि पुष्कळ विंडो मॅनेजर त्या वेळी पिक्सेलऐवजी रकाने आणि ओळी दाखवतात. मूळ आकार दिला नाही तर किमान आकारच मूळ धरला जातो. हिशेब थोडासा चुकतोय असं वाटलं तर पहिला संशय तिथे घ्या. 'एक्सप्रॉप' चालवून विंडोवर क्लिक केलं की ही सगळी चिठ्ठी वाचता येते.

याचा तोटाही आहे. पडद्याची रुंदी पायरीने पूर्ण भागली जात नसेल, तर विंडो पडद्याच्या अर्ध्या भागात चिकटवल्यावर कडेला फट राहू शकते. केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या विंडो रूल्समध्ये 'ओबे जॉमेट्री रिस्ट्रिक्शन्स' हा नियम सक्तीने 'नाही' केला की फट जाते.

आणखी एक: टीके, म्हणजे टीकेइंटरच्या मुळाशी असलेला संच, रुंदी मोजताना इंग्रजी शून्याची रुंदी एकक धरतं. मराठी मजकुरात जोडाक्षरं कधी रुंद, कधी अरुंद. ८० रकान्यांत ८० अक्षरं बसतील असं गृहीत धरून समास आखू नका. तसंच, विंडो पडद्यावर येण्याआधी तिचा आकार विचारलात तर १ बाय १ असं उत्तर येतं. आधी 'अपडेट आयडल टास्क्स' बोलवा.

प्रकल्प जीटीके ४ मध्ये (क्यूटीसारखाच विंडो बनवायचा संच) करतो आहोत. व्हिडिओत दाखवलेली 'रिसाइझ' आणि 'मूव्ह' फंक्शनं सापडतच नाहीत. — विद्यार्थी, आकुर्डी

व्हिडिओ जीटीके ३ चे आहेत. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ही दोन्ही काढून टाकली. आता विंडोचे तीन गुणधर्म धरायचे: 'डिफॉल्ट विड्थ', 'डिफॉल्ट हाइट' आणि 'मॅक्सिमाइझ्ड'. जीसेटिंग्ज ही सेटिंग्ज जतन करायची सोय; तिच्या स्कीमात, म्हणजे किल्ल्यांची यादी असलेल्या फाइलीत, त्यांच्यासाठी तीन किल्ल्या करा, पहिल्या दोन पूर्णांक, तिसरी हो-नाही, आणि विंडो समोर आणणाऱ्या 'प्रेझेंट'च्या आधी 'बाइंड'ने जोडून टाका. वापरकर्त्याने कड ओढली की 'डिफॉल्ट' गुणधर्म आपोआप बदलतात. विंडो मोठी केलेली असताना मात्र ते आधीचाच आकार धरून ठेवतात, म्हणून 'रिस्टोअर' केल्यावर विंडो पडद्याएवढीच राहिली असं होत नाही.

स्कीमा फाइल लिहून ती कंपाइल केली नाही, किंवा भलत्या फोल्डरमध्ये ठेवली, तर प्रोग्रॅम सौम्य इशारा देत नाही. 'स्कीमा इन्स्टॉल केलेला नाही' म्हणून थेट कोसळतो. परीक्षकांच्या मशीनवर हमखास घडणारी गोष्ट.

जीटीके ३ वरच राहायचं ठरवलंत तर आकार विंडोच्या 'गेट साइझ'मधूनच वाचा. 'अलोकेशन'मध्ये विंडोची सावलीही धरलेली असते. ते जतन केलं तर विंडो दर वेळी सावलीएवढी फुगते.

वेलँडवर (एक्सच्या जागी आलेली नवी व्यवस्था) माझी घड्याळाची विंडो कायम उजव्या वरच्या कोपऱ्यात उघडावी, यासाठी कोणता कॉल? — वाचक, सदाशिव पेठ

साध्या विंडोसाठी असा कॉल नाही. वेलँडमध्ये जागा कंपोझिटर, म्हणजे सगळ्या विंडो पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम, ठरवतो. प्रोग्रॅमला स्वतःची पडद्यावरची जागा कळतसुद्धा नाही. किमान आणि कमाल आकार सांगता येतो. कंपोझिटर आकार सुचवतो. त्याने शून्य बाय शून्य पाठवलं तर 'तुझं तू ठरव' असा अर्थ. तुमच्याच मशीनपुरतं हवं असेल तर केडीईच्या विंडो रूल्समध्ये त्या विंडोची जागा ठरवून ठेवा.

लॅपटॉपवर १९२० बाय १०८० ला छान दिसणारा प्रोग्रॅम कॉलेजच्या प्रोजेक्टरवर नेला की खालची बटणं दिसत नाहीत. शिवाय मराठी केल्यावर बटणांवरचे उकार कापले जातात. — विद्यार्थिनी, हडपसर

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच: मापं पिक्सेलमध्ये ठोकून बसवली आहेत.

आधी उकार. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, म्हणजे त्याच आकाराच्या रोमन अक्षरांहून जास्त उंची लागते. इंग्रजीत २४ पिक्सेलच्या बटणात आरामात बसणारा फाँट 'सूची'चा ऊकार कापतो. 'फिक्स्ड हाइट'च्या सगळ्या ओळी काढा आणि उंची लेआउटला, म्हणजे बटणांची मांडणी सांभाळणाऱ्या भागाला, ठरवू द्या. तो फाँटला विचारूनच ठरवतो. रुंदीचंही तेच: 'सेव्ह'च्या जागी 'जतन करा' येणार आहे.

आता प्रोजेक्टर. पुष्कळ जुने प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चे असतात आणि जुने लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चे. त्या ७६८ मधून मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपचं नेहमीचं ४० पिक्सेलचं पॅनेल आणि साधारण ३० ची शीर्षकपट्टी वजा केली की आतल्या भागाला ७०० च्या आत जागा उरते. तुमचा किमान आकार याहून मोठा असेल तर विंडो लहान करायची वापरकर्त्याची वाटच बंद होते. किमान उंची ६०० च्या खाली ठेवा आणि लांब फॉर्म स्क्रोल एरियात टाका. 'जतन करा' आणि 'रद्द' ही बटणं मात्र स्क्रोलच्या बाहेर, तळाशी कायम दिसतील अशी.

सादरीकरणाआधी डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रेझोल्यूशन १०२४ बाय ७६८ करून एकदा सगळे फॉर्म उघडा. मग रेझोल्यूशन परत मूळचं करून फक्त अक्षरांचा आकार १.२५ पट करा आणि पुन्हा उघडा. दुसऱ्या चाचणीत जी बटणं कापली जातात, तिथे अजून एखादं ठोकलेलं माप उरलंय.