कथेचं अभिवाचन करताना नटानं अभिनय किती करावा?

तुम्ही विचारलंय की डिचोलीजवळच्या तुमच्या वाचनालयात गावच्या नाटकात कामं करणाऱ्या चौघांकडून मराठी कथांचं अभिवाचन करून घ्यायचं आहे. लोक नुसतं वाचन ऐकून घेतील का? पात्रांचे वेगवेगळे आवाज, पार्श्वसंगीत असं काही घालावं का? आणि कथा कशा निवडाव्यात?

लोक ऐकतील. संगीत घालू नका. आवाजांबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण नटमंडळी तिथंच फसतात. मीही फसलो होतो.

मी फोंडा तालुक्यातला. देवळांच्या उत्सवांतली आणि कला अकादमीच्या स्पर्धेतली मराठी नाटकं करत आलो. पहिली कथा वाचली ती एका देवळाच्या सभामंडपात. कथेत एक म्हातारी, मुंबईहून चार दिवसांसाठी आलेला तिचा मुलगा आणि घरामागची जमीन मागणारा भाटकार, म्हणजे जमीनदार. मी तिघांचे तीन आवाज बसवले. म्हातारीला कापरा आवाज, भाटकाराला खर्ज. म्हातारी बोलली की हशा यायचा आणि मला हुरूप यायचा. शेवटच्या परिच्छेदात कुणीच बोलत नाही. मुलगा गेल्यावर म्हातारी सवयीनं दोन ताटं घेते आणि एक परत फळीवर ठेवते, एवढंच. तिथं आलो आणि लक्षात आलं की या ओळींसाठी माझ्याकडे आवाजच नाही. तिन्ही पात्रांवर महिनाभर मेहनत घेतली होती आणि मधला सगळा मजकूर सूत्रसंचालकासारखा वाचत गेलो होतो. टाळ्या पडल्या. एक वडीलधारे जवळ येऊन म्हणाले, “म्हातारी बरी केलीस रे.” त्या दोन ताटांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

नाटकात सांगणारा नसतो, पात्रं समोर येऊन बोलतात. कथेत मात्र पात्रांचं बोलणंसुद्धा कुणीतरी आपल्याला सांगत असतं. त्या सांगणाऱ्याची भूमिका हीच कथेतली मुख्य भूमिका. मग तालमीत काय करायचं? तर तो सांगणारा कोण आहे ते शोधायचं. तो गावातच राहिला की गाव सोडून गेला? घडून गेल्यावर किती वर्षांनी सांगतोय? म्हातारीवर त्याची माया आहे, की तिला आपण एकटं टाकलं याची त्याला बोच आहे? शेवट त्याला पहिल्या वाक्यापासून ठाऊक आहे का? तृतीयपुरुषी निवेदनातही याची उत्तरं मिळतात. लेखक कुठं थांबतो, काय बघतो, कशावरून पटकन पुढं जातो, त्यात ती असतात. ही उत्तरं मिळाली की पात्रांचे आवाज आपोआप जागेवर येतात. आपण घरी शेजारणीचं बोलणं सांगतो तेव्हा तिचा आवाज हुबेहूब काढत नाही, तिची लय तेवढी येते. तेवढंच पुरे. आवाजाची पट्टी बदलू नका, वेग बदला. हळू बोलणारा हळू, घाईतला घाईत. ‘ती म्हणाली’, ‘तो पुटपुटला’ हे शब्द नट हमखास गिळतात. गिळू देऊ नका. कोण सांगतंय ते ऐकणाऱ्याला तिथंच पुन्हा जाणवतं.

कथाकथन आणि अभिवाचन यांत गल्लत होऊ देऊ नका. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथन केलं ते स्वतःच्या कथांचं. समोरची माणसं बघून वाक्य लांबवायचा, एखादा प्रसंग फुलवायचा त्यांना हक्क होता. तुमचे कलाकार दुसऱ्याची कथा वाचणार आहेत. हातातला कागद सांगतो की हे शब्द लेखकाचे आहेत आणि मी त्यांतला एकही बदलणार नाही. म्हणून पाठांतर झालं तरी कागद सोडू नये. न्यूयॉर्कच्या सिम्फनी स्पेसमध्ये १९८५पासून ‘सिलेक्टेड शॉर्ट्स’ हा कार्यक्रम चालतो. रंगभूमीवरचे आणि सिनेमातले नावाजलेले नट तिथं हातात कथा घेऊन प्रेक्षकांसमोर वाचतात आणि ते वाचन रेडिओवरही ऐकवलं जातं. म्हणजे जे सभागृहात नाहीत त्यांच्यापर्यंत फक्त आवाज पोचतो. तुमच्या नटांना तालमीत एकदा पाठमोरं बसवून वाचायला लावा. चेहऱ्याच्या आणि हातांच्या जोरावर किती निभावून नेत होतो, ते त्यांचं त्यांना कळेल.

लोक ऐकतील का, ही भीती तर आपल्या गोव्यात धरूच नये. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. मराठी ओव्या, पण लिपी रोमन. चर्चमध्ये जमलेल्या माणसांना ते वाचून दाखवलं जाई. इकडे हिंदू घरांत श्रावणात श्रीधराचे हरिविजय आणि पांडवप्रताप लागायचे, देवळात कीर्तन असायचंच. आमच्याकडे पोथी माझे आजोबा वाचायचे, जवळजवळ एकाच सुरात. तरी द्रौपदीच्या प्रसंगाला वसरीवरच्या बायका पदर डोळ्यांना लावत. तो एकच सूर मला लहानपणी कंटाळवाणा वाटे. आज वाटतं, ते स्वतः बाजूला राहत होते म्हणून द्रौपदी दिसत होती.

उच्चारांबद्दल एक आग्रह. आपल्याकडचे कलाकार मराठी वाचायला लागले की पुण्याचा आवाज आणायला बघतात. स्पर्धेच्या परीक्षकांसाठी लागलेली सवय आहे ती. ण-न, ळ-ल, श-ष स्वच्छ हवेत, यात सवलत नाही. पण वाक्याचा आपला जो हेल आहे तो पुसायचं कारण नाही. गोव्यातल्या कथेत संवाद कोंकणीत असतील तर ते कोंकणीतच, घरी बोलतो तसे वाचा. त्यांचा अर्थ मराठीत सांगत बसू नका. डिचोलीत कुणाला समजणार नाहीत?

आता निवड. डोळ्यांना मागचं पान उलटता येतं, कानांना येत नाही. त्यामुळे काळ सारखा मागेपुढे करणारी, दहा-बारा पात्रांची कथा कितीही उत्तम असली तरी बाजूला ठेवा. सुमन आणि सुमती अशी जवळची नावं असली तरी ऐकणारा गोंधळतो. वर्णन जास्त आहे म्हणून मात्र कथा नाकारू नका. संथ वाचलेलं वर्णन सभागृहात फार छान उतरतं. मी मिनिटाला साधारण शंभर शब्द वाचतो, म्हणजे दोन-अडीच हजार शब्दांची कथा वीस-पंचवीस मिनिटं घेते. यापेक्षा लांब कथा पहिल्या कार्यक्रमात घेऊ नका. तीन कथा पुष्कळ झाल्या. चौघांना प्रत्येकी एक द्यायलाच हवी असं नाही, आणि एकच कथा चौघांत वाटून तर मुळीच देऊ नका. तसं केलं की तिचं अर्धं नाटक होतं आणि सांगणारा हरवतो.

गोव्यातलं काही हवं असेल तर लक्ष्मणराव सरदेसाई यांच्या कथा जरूर काढून बघा. सावईवेऱ्याचा माणूस, इथली खेडी त्यांनी आतून लिहिली आहेत. पण परवानगी घ्या. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. लक्ष्मणराव १९८६ साली गेले, म्हणजे २०४६ संपेपर्यंत त्यांच्या कथा हक्कात आहेत. प्रकाशकाला किंवा वारसांना साधं पत्र लिहा. मी मागितलेली परवानगी आजवर कुणी नाकारलेली नाही, उलट एका लेखिकेच्या घरची माणसं ऐकायला आली होती. कार्यक्रमाच्या सुरुवातीला लेखकाचं नाव आणि कथा कोणत्या संग्रहातली ते सांगा. तुमचं वाचनालय आहे, तर ते पुस्तक तिथंच टेबलावर ठेवा. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी त्यासाठी नंबर लागले होते.

बाकी बारीकसारीक. कथा मोठ्या अक्षरात, पानाच्या एकाच बाजूला छापून घ्या आणि पान वाक्याच्या मध्ये तुटू देऊ नका. पानं टाचू नयेत, वाचलेलं पान आवाज न करता बाजूला सरकवता आलं पाहिजे. श्वासाच्या जागी पेन्सिलीनं उभी रेघ. माईक तोंडासमोर नको, वीतभर अंतरावर जरा तिरका, नाहीतर प-फ-भ धडाधड आपटतात. कागदावर पुरेसा उजेड आहे ना ते संध्याकाळीच, कार्यक्रमाच्या वेळेला बघा. छप्पर पत्र्याचं असेल तर पावसाळा टाळा, आणि आसपासच्या गावांतल्या जत्रांच्या तारखाही.

कथा संपल्यावर लगेच ‘धन्यवाद’ म्हणू नका. कागद खाली ठेवा आणि मनात पाच आकडे मोजा. नटाला ही शांतता सोसवत नाही, पण ती सोसायलाच हवी.

दोन वर्षांपूर्वी तीच म्हातारीची कथा मी पुन्हा वाचली, एका शाळेच्या हॉलमध्ये, जेमतेम चाळीस माणसांसमोर. पुढच्या बाकावर एक बाई अबोलीची फाती गुंफत ऐकत होत्या, मान खाली, हात सतत चालू. म्हातारीच्या बोलण्याला या वेळी हशा आला नाही. दुसरं ताट फळीवर परत गेलं तेव्हा त्यांचे हात थांबले, आणि मी कागद खाली ठेवल्यावरही बराच वेळ चालू झाले नाहीत.