तारापूरच्या 'गळती'चा मेसेज, मीठ आणि बेटाडीन

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सोसायटीच्या ग्रुपवर 'तारापूरच्या अणुवीज केंद्रात गळती झालीय, ढग नाशिककडे येतोय, २४ तास घराबाहेर पडू नका, गळ्याला बेटाडीन लावा, आयोडीनचं मीठ भरून ठेवा' असा मेसेज फिरतोय, सासऱ्यांनी गंगापूर रोडवरच्या दुकानातून मिठाच्या पिशव्या उचलून आणल्यात आणि तिसरा महिना लागलेली बहीण फोनवर रडतेय. बहिणीचं आधी बोलतो. मीठ पडून राहील, पण भीतीपोटी तिने काही करून बसायला नको.

१९८६ साली सोव्हिएत युनियनमधल्या (आताच्या युक्रेनमधल्या) चेर्नोबिलच्या अणुकेंद्रात अपघात झाला. ग्रीसपर्यंत पोचलेला किरणोत्सर्ग गर्भाला इजा होईल त्या पातळीच्या खूप खाली होता. तरीही तिथे बायका घाबरल्या, डॉक्टरही गोंधळले, आणि सुमारे २,५०० गर्भपात निव्वळ भीतीमुळे झाले, असा अंदाज पुढच्या वर्षी एका अभ्यासातून निघाला. ती सगळी हवी असलेली मुलं होती. मी रेडिओथेरपी विभागात किरणोत्सर्ग सुरक्षेचं काम केलंय. छातीला किरणोत्सर्ग मोजणारा बॅज लावून किरणांच्या शेजारी काम करणाऱ्या बायकांना दिवस राहतात, त्यांच्यासाठी वेगळी कडक मर्यादा असते, आणि ती पाळली की त्यांची बाळंतपणं नीट होतात. बहिणीला म्हणावं, कुठलीही शंका असेल तर तुझ्या डॉक्टरांनाच विचार, ग्रुपवर कोण काय म्हणतंय ते बघू नकोस.

आता मेसेज. हा मजकूर जुना आहे. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रातल्या अपघातानंतर फिलिपिन्समध्ये बीबीसीच्या नावाने हाच एसएमएस फिरला होता: २४ तास घरात थांबा, गळ्यावर थायरॉईड ग्रंथीच्या जागी बेटाडीन (जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध) लावा. बीबीसीने तो आपला नसल्याचं सांगितलं, पण तोवर मनिलातल्या एका विद्यापीठाने विद्यार्थ्यांना घरी पाठवलं होतं. तुमच्या ग्रुपवर आलेल्या मेसेजमध्ये गावाचं नाव तेवढं बदललंय. त्याच आठवड्यात चीनमध्ये मिठासाठी झुंबड उडाली होती.

मिठाचा हिशोब सासऱ्यांसमोर मांडा, त्यांना पटेल. अणुअपघातात बाहेर पडलेलं किरणोत्सारी आयोडीन थायरॉईडमध्ये साठतं, ती आधीच साध्या आयोडीनने भरली की ते तिथे फारसं साठत नाही, म्हणून आयोडीनची गोळी देतात. आपल्याकडे घरी येणाऱ्या मिठात एका ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असायला हवं. अणुअपघातात मोठ्या माणसाला देतात त्या १३० मिलिग्रॅमच्या पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. म्हणजे एका गोळीइतकं आयोडीन मिळवायला साडेसहा किलो मीठ खावं लागेल. त्याच्या कितीतरी आधी माणूस मिठानेच दगावेल. बेटाडीन कातडीवर लावून थायरॉईडचं भरवशाचं संरक्षण होत नाही, आणि ते पोटात घेणं तर धोक्याचं. गोळीसुद्धा फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून, तेही वेळेवर घेतली तरच वाचवते. सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थापुढे तिचा काही उपयोग नाही. ती मनाने मागवून घेऊ नका.

पण ग्रुपवर 'काही होत नाही, घाबरू नका' एवढंच लिहून थांबू नका, असं मी कळकळीने सांगतो. चेर्नोबिलला सोव्हिएत सरकारने नेमकं हेच केलं. स्फोट २६ एप्रिलचा, जगाला कळलं २८ तारखेला, तेही स्वीडनच्या अणुकेंद्रात यंत्रं वाजली म्हणून. १ मेला जवळच्या कीव शहरात परेड झाली, लहान मुलं रस्त्यावर होती. गायींनी दूषित गवत खाल्लं, त्यातलं किरणोत्सारी आयोडीन दुधात उतरलं आणि मुलं ते दूध पीत राहिली. पुढे हजारो जणांना थायरॉईडचा कर्करोग झाला. हे किरणोत्सारी आयोडीन (आयोडीन-१३१) आठ दिवसांत निम्मं होतं. सुरुवातीचे आठवडे ते दूध पाजू नका, एवढं वेळेवर सांगितलं असतं तर यातली कितीतरी मुलं या आजारातून वाचली असती. शेजारच्या पोलंडने एक कोटीहून जास्त मुलांना आयोडीन पाजलं. लोकांना एकदा असं अंधारात ठेवलं की पुढची प्रत्येक अफवा त्यांना खरी वाटते, आणि त्यात त्यांची चूक नसते.

उलट बाजूही आहे, भीतीने घाई केली की तीही जिवावर बेतते. फुकुशिमात घाईघाईने इस्पितळं रिकामी केली, त्यात ५० हून अधिक रुग्ण वाटेत किंवा लगेच नंतर गेले. तेवढ्यात किरणोत्सर्गाने कुणी दगावलं नव्हतं.

नाशिकपुरतं बोलायचं तर तारापूर सरळ रेषेत आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, मध्ये सह्याद्री आहे. बाहेरच्या वस्तीसाठी आणीबाणीचा तपशीलवार आराखडा केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरचा असतो. मोठा अपघात झालाच तर वारा-पावसाप्रमाणे लांबही परिणाम पोचू शकतो. तेव्हा दूध-भाजीबद्दल सूचना येतील आणि त्या पाळायच्या. (लासलगावला कोबाल्टच्या किरणांखालून काढलेल्या कांद्याची भीती काही जण आत्ताच घालू लागलेत. त्या कांद्याला कोंब येत नाहीत इतकंच, तो किरणोत्सारी होत नाही.)

आज रात्री ग्रुपवर फिलिपिन्सची गोष्ट आणि मिठाचा हिशोब टाका. ज्याने मेसेज टाकला त्याला चारचौघांत झापू नका, वेगळा फोन करून काढायला सांगा. १ जुलै २०१८ ला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने धुळ्यातल्या राईनपाड्यात पाच जणांचा जीव घेतला, आणि त्याच रात्री आपल्या मालेगावात पोलिसांनी एका कुटुंबाला जमावाच्या हातून सोडवलं. तिथेही लोक फॉरवर्डच करत होते. खात्री करायची असेल तर १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर आहे. तिथे विचारा, आणि ते काय म्हणाले ते वेळेसकट ग्रुपवर लिहा.